सौम्य किनाऱ्यावर हवामान ॲप: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

हवामानाचा अंदाज सांगणारे एक ॲप मी गेले वर्षभर, वर्गणी भरून, अक्षरशः रोज वापरले. मी राहते तो किनारा सौम्य हवामानाचा आहे. तिथे हिवाळ्यात पाणी गोठत नाही, उन्हाळ्यात अंगाची लाही होत नाही आणि वर्षातला सर्वांत थंड व सर्वांत उष्ण महिना यांच्या सरासरीतला फरक एखाद्या खंडांतर्गत शहरातल्या दिवस-रात्रीच्या फरकाएवढाच असतो. अशा ठिकाणी हवामानासाठी पैसे कशाला मोजायचे, असे घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारले होते. त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, म्हणून खिडकीपाशी एक जाड वही ठेवली. सकाळी सात वाजता ॲप काय म्हणते ते डाव्या पानावर आणि रात्री नऊ वाजता प्रत्यक्षात काय झाले ते उजव्या पानावर, असा शिरस्ता मी जवळजवळ न चुकता पाळला. पुढे जे लिहिले आहे ते त्या वहीच्या आधाराने.

ॲपचे नाव मुद्दाम देत नाही. एक तर तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्या एका कंपनीपुरत्या नाहीत. दुसरे असे की, ॲपे दिसायला शेकडो असली तरी त्यांच्या पोटात शिरणारी माहिती मोजक्या ठिकाणांहून येते. युरोपीय देशांच्या मध्यम-मुदतीच्या अंदाज केंद्राचे मॉडेल (म्हणजे वातावरणाचे गणित संगणकावर सोडवून अंदाज काढणारी प्रणाली), अमेरिकेचे जीएफएस नावाचे जागतिक मॉडेल आणि काही राष्ट्रीय हवामान खात्यांची आपापल्या प्रदेशापुरती बारीक मॉडेले, एवढ्यांवरच बहुतेकांचा संसार चालतो. त्यावर आपले गणित चढवून, रंग भरून आणि ढग-सूर्याची चित्रे लावून प्रत्येक कंपनी आपला माल विकते. तेव्हा एका ॲपचे परीक्षण हे बऱ्याच अंशी सगळ्यांचेच आहे असे समजायला हरकत नाही.

आधी तापमानाचे पान, कारण ॲप उघडताच तेच मोठ्या आकड्यांत समोर येते आणि जाहिरातीतही त्याच्याच अचूकतेचा डांगोरा असतो. अचूकता खरी आहे. पहिला महिना सोडला (त्याची गोष्ट पुढे येते), तर वर्षभरात कमाल तापमानाचा आकडा एखाद-दोन अंशांपलीकडे चुकल्याचे दिवस मला वहीत शोधावे लागले. पण त्यात ॲपचे कर्तृत्व किती आणि समुद्राचे किती, हा खरा प्रश्न आहे. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, वजनास वजन घेतले तर, खडक किंवा कोरड्या मातीच्या चार-पाच पट असते. शिवाय जमिनीत दिवसाची ऊब काही सेंटिमीटरच झिरपते, तर समुद्रात लाटांच्या घुसळणीमुळे तीच ऊब कित्येक मीटरपर्यंत वाटली जाते. म्हणून समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो आणि किनाऱ्याला आपल्यामागून फरपटत नेतो. सूर्य सर्वाधिक वर असतो तो जूनमध्ये, पण उत्तर गोलार्धातल्या अशा किनाऱ्यांवर सर्वांत उबदार दिवस ऑगस्टात, काही ठिकाणी तर सप्टेंबरात येतात. दक्षिण गोलार्धात हीच दिरंगाई फेब्रुवारीपर्यंत जाते. जगातल्या हवामानांचे गट पाडणाऱ्या कोपेनच्या वर्गीकरणात या हवामानाच्या एका मोठ्या गटाची अटच अशी आहे की सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी २२ अंश सेल्सिअसच्या आत राहावी आणि निदान चार महिन्यांची सरासरी १० अंशांच्या वर असावी. इतक्या अरुंद पट्टीत हलणारा आकडा अचूक सांगणे म्हणजे सरळ रस्त्यावर न चुकता चालून दाखवणे.

हे मी निव्वळ खवचटपणाने म्हणत नाही. अंदाजांची परीक्षा घेणाऱ्यांचा हा जुनाच मुद्दा आहे. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सैन्यदलातल्या जॉन फिनले या हवामान निरीक्षकाने चक्री वावटळींचे (टोर्नॅडोंचे) अंदाज प्रसिद्ध केले आणि ते ९६ टक्क्यांहून अधिक बरोबर ठरल्याचे दाखवले. टीकाकारांनी लगेच हिशेब मांडला की, रोज डोळे मिटून ‘आज वावटळ होणार नाही’ असे म्हटले असते तर ९८ टक्के वेळा बरोबर ठरता आले असते. दुर्मीळ गोष्टीच्या बाबतीत आणि फारशा न बदलणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत निव्वळ टक्केवारीला अर्थ नसतो. म्हणून मी वहीत उजव्या बाजूला आणखी दोन रकाने आखले. एकात ‘काल होते तेच आज’ आणि दुसऱ्यात ‘या तारखेची नेहमीची सरासरी’. या दोन फुकटच्या अंदाजांना ॲपने हरवले तरच ते बरोबर, असे धरले. तापमानाच्या बाबतीत शांत, ढगाळ आठवड्यांत या दोन रकान्यांनी ॲपच्या अगदी खांद्याला खांदा लावला. ॲप पुढे गेले ते फक्त वारा जमिनीकडून वाहू लागण्याच्या मोजक्या दिवशी. तेव्हा पारा एकाएकी आठ-दहा अंशांनी चढतो आणि काल-परवाचा अनुभव कामाचा राहत नाही. असे दिवस ॲपने तीन-चार दिवस आधी सांगितले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पहिल्या महिन्यात मात्र आमचा मोठा घोळ झाला. दुपारी अंगणात स्वेटर काढावा लागेल असे ऊन असताना ॲप रोज तीन-चार अंशांनी कमी तापमान दाखवत असे. बरेच दिवस मी थर्मामीटरवर संशय घेतला. तो भिंतीला टेकला आहे का, त्याच्यावर ऊन पडते का, हे सगळे तपासून झाले. मग एका संध्याकाळी नकाशा मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आले की, आमच्या ठिकाणाची टाचणी ज्या चौकटीत पडली होती त्या चौकटीचा बहुतांश भाग समुद्रात होता. जागतिक मॉडेले पृथ्वीचे चौकटींत तुकडे करतात. युरोपीय केंद्राची चौकट सुमारे ९ किलोमीटरची आणि जीएफएसची सुमारे १३ किलोमीटरची असते. सपाट प्रदेशात याने फारसे बिघडत नाही. किनाऱ्यावर मात्र त्या एका चौकटीत लाटा, वाळू, गाव आणि मागची टेकडी असे सगळे एकाच आकड्यात कोंबले जाते. मी टाचणी हाताने तीन किलोमीटर आत, टेकडीच्या पायथ्याशी सरकवली आणि दुपारचे आकडे एका रात्रीत ताळ्यावर आले. रात्रीचे किमान तापमान मात्र आता थोडे कमी दाखवू लागले. ग्राहक सेवेला लिहिले तर ‘आमची माहिती आपल्या नेमक्या स्थानासाठी असते’ हे छापील उत्तर दोनदा आले. तिसऱ्यांदा कोणीतरी माणसाने वाचले असावे, कारण त्याने टाचणी हलवण्याचा तोच उपाय मला सांगितला, जो मी आधीच कळवला होता. ही सोय ॲपमध्ये आहे, पण मेनूच्या इतकी आत दडवली आहे की ती सापडणे हाच एक शोध ठरतो.

आता धुक्याकडे वळते. अशा किनाऱ्यावर उन्हाळ्याचा अंदाज म्हणजे तापमानाचा किंवा पावसाचा अंदाज नव्हे. सकाळचे मळभ किती वाजता उठणार, एवढा एकच प्रश्न असतो आणि ॲपची खरी कसोटी तिथेच लागते. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांलगत कॅलिफोर्निया, कॅनरी, हम्बोल्ट, बेंग्वेला असे थंड प्रवाह वाहतात आणि किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यामुळे तळाकडचे आणखी थंड पाणी वर येते. त्या गार पाण्यावरून सरकणारी दमट हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तिथपर्यंत, निवते आणि धुके किंवा जमिनीलगतच्या ढगाचा थर तयार होतो. त्याच्या डोक्यावर खाली उतरणारी उबदार, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते; भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. हा ढग कधी कधी दोन-तीनशे मीटरच जाड असतो आणि त्याची जाडी मॉडेलने थोडी जरी चुकवली तरी ऊन अकराला पडणार की दुपारी दोनला, हे सगळे उलटेपालटे होते.

एका सकाळची नोंद जशीच्या तशी देते. ॲपवर सातला पूर्ण सूर्याचे चित्र, ‘दिवसभर निरभ्र’. खिडकीबाहेर समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता. पाऊस नसतानाही छपराच्या पागोळ्या गळत होत्या, कारण धुक्याचे थेंब पत्र्यावर साचून ओघळत होते. दोरीवरचे कपडे रात्रीपेक्षा जास्त ओले होते. नऊला ॲपने चित्र बदलून ‘अंशतः ढगाळ’ केले, दहाला ‘धुके’ केले, म्हणजे जे मी तीन तास पाहत होते ते मला कळवले. खांब दिसू लागला साडेबाराला. याला अंदाज म्हणत नाहीत, याला हजेरी म्हणतात.

त्याच ॲपमध्ये एक गोष्ट मात्र फार कामाची निघाली आणि ती म्हणजे उपग्रहाचे दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलणारे छायाचित्र. असा थर बहुधा मधोमध फाटत नाही. तो कडांकडून आत विरत जातो. जमिनीच्या बाजूची कड पातळ असते, तिथून झिरपणाऱ्या उजेडाने खालची जमीन तापते आणि ढग मागे सरतो. म्हणून नऊ वाजता आणि दहा वाजता ती कड कुठे आहे हे पाहिले, तर ती आपल्यापर्यंत कधी पोहोचेल याचा अदमास कोणालाही बांधता येतो. दोन महिन्यांत मी या खेळात ॲपच्या तासवार चित्रांपेक्षा बरी झाले. ॲप ज्या सामग्रीवर हे सहज करू शकले असते ती सामग्री त्याच्या स्वतःच्याच पोटात आहे, पण पहिल्या पानावरच्या सूर्याला त्याची खबर नाही.

याच ओघात दमटपणाच्या आकड्याबद्दलही लिहायला हवे. ॲप सापेक्ष आर्द्रता ठळक दाखवते आणि दवबिंदू तीन पाने आत ठेवते. किनाऱ्यावर हे नेमके उलटे हवे होते. रात्री हवा गार झाली की आर्द्रतेचा आकडा आपोआप ९५ च्या घरात जातो आणि दुपारी खाली येतो, हवेतले बाष्प मात्र जवळजवळ तेवढेच असते. दवबिंदू सांगतो की रात्री धुके धरेल का, कपडे वाळतील का आणि भिंतीला ओल सुटेल का. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू यांच्यात दोन-तीन अंशांचेच अंतर उरले असेल आणि आकाश निरभ्र व वारा पडलेला असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल ॲपच्या चित्रापेक्षा हे दोन आकडे जास्त सांगून जातात.

वाऱ्याचे पान मी सर्वांत जास्त वापरले, कारण आमची एक छोटी शिडाची होडी आहे आणि तिच्यावरून परतताना वारा अंगावर आला तर दोघांच्या हातांना फोड येतात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमीन निवली की मतलई वारे उलट वाहतात, हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. ॲपलाही ठाऊक आहे. खाऱ्या वाऱ्याची सुरुवात त्याने बहुतेक दिवशी तासाभराच्या फरकाने बरोबर धरली. जोर मात्र सातत्याने कमी दाखवला. टेकड्यांमधल्या खिंडीतून वारा जिथे आवळला जातो आणि भुशिराला वळसा घालताना जिथे उसळतो, तिथे नऊ किलोमीटरच्या चौकटीला ना खिंड दिसते ना भुशीर. त्यामुळे ‘१२ नॉट’ वाचले की मी १८ धरायला शिकले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, ॲप कधी नॉट, कधी किलोमीटर दाखवते आणि अद्ययावत आवृत्ती आली की आपली निवड विसरते. दोनदा यात माझी फसगत झाली.

बाणाचाही घोटाळा आहे. वाऱ्याला नाव देतात ते तो जिथून येतो त्या दिशेवरून, पण या ॲपचा बाण तो कुठे चालला आहे ते दाखवतो. त्यामुळे पश्चिमी वारा म्हटले की बाण पूर्वेकडे तोंड करून उभा. यात चूक काही नाही, पण मदतीच्या पानावर याचा एका ओळीचाही खुलासा नसणे हा निष्काळजीपणा आहे. होडीत नवखा माणूस असेल तर तो शीड उलट्या बाजूला बांधील.

पावसाच्या बाबतीत ॲपला मी बऱ्यापैकी गुण देते. हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारी आवर्ते आणि त्यांच्या आघाड्या (म्हणजे उबदार व थंड हवा जिथे भिडतात त्या पाऊस आणणाऱ्या सीमा) हजारो किलोमीटर पसरलेल्या असतात. त्या समुद्रावर असतानाच मॉडेलांना दिसतात. तीन दिवस आधी ‘गुरुवारी पाऊस’ म्हटले तर गुरुवारी बहुधा पाऊस झालाच. गेल्या काही दशकांत अंदाजाची पोच दर दहा वर्षांना साधारण एका दिवसाने वाढत आली आहे आणि त्या संथ, न गाजणाऱ्या प्रगतीचा लाभ आपल्याला या पानावर मिळतो. घोळ आहे तो टक्क्यांच्या मांडणीत. समजा, एकच आघाडी तासाभरात ओलांडून जाणार हे नक्की आहे, पण ती दुपारी बारा ते सहाच्या दरम्यान नेमकी कधी येईल हे ठाऊक नाही. मग प्रत्येक तासाच्या वाट्याला सुमारे १७ टक्के येतात. वाचणारा सहा वेळा ‘१७’ पाहतो आणि छत्री घरी ठेवून निघतो, प्रत्यक्षात पाऊस मात्र ठरलेला असतो. उलट, दिवसभर कुठे कुठे तुरळक सरी पडणार असतील तेव्हाही तासागणिक तेच १७ दिसू शकतात आणि आपण कोरडे घरी येऊ शकतो. हा फरक सांगायला ‘दुपारी एक सर नक्की, वेळ अनिश्चित’ एवढे वाक्य पुरे होते. ॲपला वाक्य लिहिता येत नाही असे नाही. सकाळी ते ‘आजचा दिवस छान आहे!’ असे उद्गारचिन्हासह न मागता कळवतेच.

टक्केवारी प्रामाणिक आहे की नाही, हे तपासण्याची एक साधी रीत आहे, ती हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडली. जितकी शक्यता सांगितली आणि जे घडले त्यांच्यातला फरक घ्यायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ८० टक्के सांगितले आणि पाऊस झाला तर दंड ०.०४, झाला नाही तर ०.६४. दंड जितका कमी तितका अंदाज चांगला. हे मी पावसाळी चार महिन्यांपुरते केले. मोठ्या शक्यतांच्या बाबतीत ॲप खरे बोलते, लहान शक्यतांच्या बाबतीत मात्र ते हात राखून बोलते, असे माझ्या वहीपुरते दिसले. म्हणजे ‘२० टक्के’ असे सांगितलेल्या दिवशी पाऊस त्याहून कमी वेळा झाला. असे का होते हे समजणे अवघड नाही. कोरडा दिवस सांगून भिजवणाऱ्याला लोक शिव्या देतात, पाऊस सांगून कोरडे ठेवणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.

रडारवरून पुढच्या तासाभराचा पाऊस सांगणारी सोय मोठ्या सरींसाठी उत्तम आहे. किनाऱ्याची ओळख असलेल्या झिमझिम पावसासाठी ती निरुपयोगी आहे, कारण तो पाऊस इतक्या उथळ ढगातून पडतो की दूरच्या रडारचा झोत त्याच्या डोक्यावरून निघून जातो. अंगावर पाणी झिरपत असताना ‘पुढील ६० मिनिटे पाऊस नाही’ हे वाचण्याचा योग मला अनेकदा आला.

यापुढे माझी मुख्य तक्रार. ॲपमध्ये पुढच्या ४५ दिवसांचे एक कॅलेंडर आहे आणि त्यात प्रत्येक तारखेला सूर्य, ढग किंवा थेंब असे चित्र, कमाल आणि किमान तापमान छापलेले असते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वातावरणात आरंभीची बारीकशी चूक वाढत वाढत जाते. दिवसागणिक अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची मानली जाते. मग ३८ व्या दिवसाचे ते चित्र कुठून येते? मी तीन महिने त्या पानाची छायाचित्रे काढून ठेवली आणि सरासरीच्या रकान्याशी ताडून पाहिली. तिसऱ्या आठवड्यानंतरचे आकडे सरासरीच्या आकड्यांच्या पाठीला पाठ लावून चालले होते, वर चिमूटभर कमी-जास्त केलेले. सरासरी दाखवण्यात गैर काही नाही, ती ‘सरासरी’ म्हणून दाखवावी. ‘अमुक तारखेला १९ अंश, हलके ढग’ अशा थाटात ती सांगणे ही फसवणूक आहे. आमच्यासारख्या किनाऱ्यावर ती पकडलीही जात नाही, कारण अमुक तारखेला १९ अंश आणि हलके ढग बहुधा असतातच. कोणी लग्नाचा दिवस त्या चित्रावरून ठरवला आणि तो साधला, तर ॲपला पाच तारे मिळणार.

याउलट, ऋतूच्या अंदाजाचे पान. ते कोणी पाहत नसावे असे त्याच्या अवकळेवरून वाटते, पण सगळ्या ॲपमध्ये विचारपूर्वक केलेले पान तेच आहे. इथे तारीखवार चित्रे नाहीत. पुढचे तीन महिने घेऊन तापमान आणि पाऊस नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतका किंवा जास्त असण्याची शक्यता दिलेली आहे. ‘नेहमी’ म्हणजे १९९१ ते २०२० ही ३० वर्षे. त्या ३० ऋतूंची चढत्या क्रमाने मांडणी करून दहा-दहाचे तीन गट पाडतात, त्यामुळे काहीच ठाऊक नसेल तर प्रत्येक गटाला ३३ टक्के मिळतात. पानावर जास्त पावसाला ४५, नेहमीइतक्याला ३३ आणि कमीला २२ असे आकडे असतील तर त्याचा अर्थ ‘यंदा पाऊस जास्त’ असा होत नाही. असा अंदाज २० वेळा दिला तर नऊ वेळा पाऊस जास्तच्या गटात जाईल आणि ११ वेळा जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे ॲपने तिथेच, साध्या शब्दांत लिहिले आहे. मग त्याच पानाचा सारांश सूचनेत पाठवताना ‘ओल्या हिवाळ्यासाठी तयार राहा’ असे का करतात, हे कळत नाही. बहुधा दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

या अंदाजांचा मोठा आधार एल निनो आणि ला निना. विषुववृत्ताजवळच्या मध्य व पूर्व पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा निदान अर्ध्या अंशाने अधिक उबदार राहिले तर एल निनो, तितकेच थंड राहिले तर ला निना, अशी ढोबळ व्याख्या आहे. त्याचे पडसाद दूरदूरच्या किनाऱ्यांवर उमटतात, पण हुकुमी उमटत नाहीत. कॅलिफोर्नियाचे उदाहरण याबाबतीत डोळे उघडणारे आहे. २०१५-१६ चा एल निनो अतिशय प्रबळ होता, दक्षिण कॅलिफोर्नियात मुसळधार हिवाळ्याची अपेक्षा होती, आणि तिथे पाऊस सरासरीहूनही कमी झाला. २०२२-२३ मध्ये ला निना होता, म्हणजे कोरडेपणाकडे कल, आणि त्या हिवाळ्यात बाष्पाचे लोटच्या लोट एकामागून एक येऊन पूर आले. दोन्ही वेळा शक्यतेच्या भाषेत सांगणारे खोटे ठरले नाहीत. मथळे देणारे ठरले. शिवाय उत्तर गोलार्धातल्या वसंत ऋतूत केलेले एल निनोचे भाकीत मुळातच कच्चे असते. मार्च-एप्रिलमध्ये ॲपने हे पान करड्या रंगात दाखवले आणि ‘सध्या विश्वासार्हता कमी’ अशी पट्टी लावली, त्याचे मला खरोखर कौतुक वाटले.

किनाऱ्यासाठी या पानात एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे जवळच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे याचा आलेख. समुद्राची स्मृती महिन्यांची असते. तो एकदा नेहमीपेक्षा उबदार झाला की कित्येक आठवडे तसाच राहतो, आणि मग रात्री कमी गार होतात आणि धुक्याचे वेळापत्रक बिघडते. २०१३ च्या अखेरीपासून ईशान्य पॅसिफिकमध्ये पसरलेला आणि पुढे ‘ब्लॉब’ या नावाने ओळखला गेलेला उबदार पाण्याचा पट्टा तर दोन वर्षांहून अधिक टिकला. ही माहिती राष्ट्रीय संस्था उपग्रहांवरून रोज खुली करतात. ॲपने त्यापेक्षा परागकणांच्या निर्देशांकाला जागा देणे पसंत केले आहे.

बाकीचे थोडक्यात. अधिकृत इशारे ॲप जसेच्या तसे पुढे पाठवते, पण दोनदा ते अर्ध्या तासाहून उशिरा आले. त्यामुळे वादळाच्या दिवसांत सरळ हवामान खात्याचे संकेतस्थळ उघडावे. वायुदाबाचा आलेख चांगला आहे, फक्त तो पहिल्या पानावर हवा होता. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित नवा अंदाज’ अशी चिठ्ठी वर्षाच्या मध्यावर कधीतरी लागली. युरोपीय केंद्राने असे मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या कामात आणले आहे आणि आठवड्याभराच्या वाटचालीत ते दमदार आहे. पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीची चौकट सुमारे ३० किलोमीटरची, म्हणजे आमचा खांब, पागोळ्या आणि खिंड त्यात कुठेच बसत नाहीत. धुक्याच्या बाबतीत चिठ्ठी लागण्यापूर्वीचे आणि नंतरचे पान मला वेगळे करता आले नाही.

गुण द्यायचे तर हिवाळी पावसाला पाचपैकी चार, वाऱ्याला तीन, धुक्याला एक, ऋतूच्या पानाला साडेचार आणि ४५ दिवसांच्या कॅलेंडरला शून्य. तापमानाला गुण दिलेले नाहीत, ते समुद्राला द्यावे लागतील. ज्यांचा व्यवहार वाऱ्याशी किंवा हिवाळ्यातल्या बांधकामाशी आहे त्यांनी वर्गणी जरूर भरावी, मात्र पहिल्याच दिवशी टाचणी कुठे पडली आहे ते पाहावे. बाकीच्यांना फुकटच्या आवृत्तीतला उपग्रह आणि दवबिंदू पुरेल. माझी वर्गणी गेल्या आठवड्यात संपली आणि मी ती पुन्हा भरलेली नाही. टाचणी टेकडीच्या पायथ्याशीच आहे, वही खिडकीपाशी आहे आणि डाव्या पानावर आता सकाळी सात वाजता माझा स्वतःचा अंदाज लिहिला जातो. आजच्या नोंदीत ‘ऊन साडेअकराला’ आहे. खांब अकरा चाळीसला दिसला.